वीस मजली क्रूझ जहाज सव्वानऊ मीटर पाण्यात तोललं कसं जातं? आणि मार्ग असेच का आखतात?

मेधा_एडिसन

नमस्कार मंडळी. जानेवारीत आई-बाबा पुण्याहून इकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला येत आहेत. मायामीहून निघणाऱ्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर सात रात्रींचं बुकिंग करायचा विचार आहे. बाबा स्थापत्य अभियंता, आता निवृत्त. जहाजाची माहिती वाचून त्यांनी प्रश्नांची यादीच पाठवली आहे आणि माझ्याकडे एकाचंही नीट उत्तर नाही.

पहिला प्रश्न तोलाचा. लांबी ३६४.७५ मीटर, मजले २०, आणि पाण्याखाली फक्त ९.२५ मीटर. इमारतीचा पाया एवढा उथळ ठेवला तर कुणी नकाशा पास करणार नाही, असं बाबांचं म्हणणं. वर पोहण्याचे तलाव आणि पाण्याच्या घसरगुंड्या. सगळे प्रवासी एका बाजूला गेले तर काय?

दुसरा मार्गाचा. पूर्व कॅरिबियनला जाताना पहिले दोन दिवस नुसता समुद्र आहे. जहाज २२ नॉट (ताशी २२ सागरी मैल) वेगाने जाऊ शकतं, मग एवढा वेळ का? आणि सगळी जहाजं फिरून फिरून त्याच चार-पाच बंदरांना का जातात?

तिसरा व्यवहाराचा. आईला गाडी लागते. केबिन कुठे घ्यावी? पूर्व मार्ग बरा की पश्चिम? ठरलेलं बंदर ऐन वेळी रद्द होतं म्हणतात, ते किती खरं?

भटक्या

घाबरू नका. जहाजाचं वजनच २,४८,६६३ टन आहे. एवढं वजन कुठलीच लाट हलवू शकत नाही.

कीलरेषा

भटक्या, हा गैरसमज फार पसरलेला आहे म्हणून आधी तोच दूर करतो. २,४८,६६३ हे ग्रॉस टनेज आहे. त्यात ‘टन’ शब्द असला तरी ते वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. १९६९च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सूत्राने उलटं गणित केलं तर ही जागा सुमारे ७ लाख ८० हजार घनमीटर भरते. वजन हवं असेल तर जहाजाने बाजूला सारलेलं पाणी मोजायचं. पाणरेषेवरची लांबी साधारण ३४० मीटर, रुंदी ४८, खोली ९.२५, आणि नाळेकडे (पुढच्या टोकाला) व मागे आकार निमुळता होतो म्हणून ०.७ने गुणायचं. सुमारे १ लाख ५ हजार घनमीटर, म्हणजे खाऱ्या पाण्याचे १ लाख ८ हजार टन. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण पुढच्या उत्तरांना पुरेसा आहे. म्हणजे जहाज दिसतं त्या मानाने बरंच हलकं आहे. त्याचा बराचसा भाग हवाच आहे: खोल्या, जिने, नाट्यगृह, मधला उघडा चौक.

मेधाताई, बाबांचा पायाचा दाखला इथे लागू पडत नाही, कारण जहाज जमिनीत रोवलेलं नसतं. त्याला सावरते ती खोली नव्हे, रुंदी. जहाज उजवीकडे कललं की उजवी बाजू जास्त बुडते आणि पाण्याचा वर उचलणारा जोर तिकडे सरकतो. तो जोर जहाजाला परत सरळ करतो. या जोराची रेषा जहाजाच्या मध्यरेषेला ज्या बिंदूत छेदते त्याला मेटासेंटर म्हणतात. जहाजाचा गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तोवर जहाज सावरतं, वर गेला की उलटतं. दोन्हींमधल्या अंतराला जीएम म्हणतात, आणि कॅप्टन प्रत्येक बंदर सोडण्यापूर्वी हाच आकडा तपासतो.

मेटासेंटर किती उंचीवर आहे ते बाबा स्वतः काढू शकतील, कारण तुळईच्या छेदाला लावतात तेच लांबी गुणिले रुंदीचा घन भागिले १२ इथे पाणरेषेच्या आकाराला लावायचं. ३४० गुणिले ४८चा घन, भागिले १२, म्हणजे सुमारे ३१ लाख. आकार पुरा आयत नाही म्हणून ०.८ने गुणून २५ लाख. त्याला बुडालेल्या १ लाख ५ हजार घनमीटरने भागा. उत्तर येतं जवळपास २४ मीटर. बुडालेल्या भागाचा मध्य तळापासून ५ मीटरवर असतो, तो मिळवला की मेटासेंटर तळापासून सुमारे २९ मीटरवर. म्हणजे पाण्याच्या पातळीपासून वीस मीटर वर, प्रवाशांच्या मजल्यांच्या अगदी मधोमध! गुरुत्वमध्य २६ मीटरवर आला तरी तीन मीटरचा जीएम हातात राहतो. रुंदी १० टक्क्यांनी वाढवली की हे २४ मीटर २१ टक्क्यांनी वाढतात. नवी जहाजं उंच होत गेली तशी रुंदही का झाली, त्याचं उत्तर यातच आहे.

जीएम जितका जास्त तितकं चांगलं, असंही नाही. फार वाढला तर जहाज ताठ होतं. कललं की झटक्यात सरळ येतं, कपबशा फुटतात, माणसं पडतात. कमी असेल तर संथ, लांब डोल येतो आणि प्रवाशांना तो सुसह्य वाटतो, पण सुरक्षेची शिल्लक कमी होते. आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) सूत्रात वरचे आकडे घातले तर ३ मीटर जीएमला एक पूर्ण डोल १९-२० सेकंदांचा निघतो. नेहमीच्या वाऱ्याच्या लाटा याच्या निम्म्याहून कमी वेळाच्या असतात, त्यामुळे ताल जुळत नाही आणि डोल वाढत जात नाही. दूरच्या वादळातून आलेल्या लांब, संथ लाटांचा फुगवटा मात्र या कालावधीच्या जवळ पोहोचतो. अशा वेळी जहाज दिशा किंवा वेग बदलून ताल मोडतं.

आता वरच्या गोष्टी. नाळेवरचा काचेचा अ‍ॅक्वाडोम ३६० टनांच्या वर आहे आणि तो फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत, जिथे हे जहाज बांधलं, एका तुकड्यात उचलून बसवला. तो गुरुत्वमध्यापेक्षा २४ मीटर वर आहे असं धरलं तर ३६० गुणिले २४ भागिले १ लाख ८ हजार, म्हणजे गुरुत्वमध्य ८ सेंटिमीटर वर सरकतो. सर्वांत मोठ्या तलावात सुमारे १५० टन पाणी, तेही त्याच हिशेबात. हे परवडतं, कारण इंजिनं, इंधन, गोडं पाणी आणि नीरमाच्या (तोल सांभाळायला भरलेल्या) पाण्याच्या टाक्या सगळं तळाला आहे, आणि वरचे मजले शक्य तितके हलके ठेवतात.

खरी काळजी तलावाची नसते, अर्धवट भरलेल्या रुंद टाकीची असते. २० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद अशी एकच टाकी अर्धी भरली, तर पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि जीएम तब्बल १ मीटरने घटतो. त्याच टाकीत उभे पडदे घालून १० मीटर रुंदीच्या चार टाक्या केल्या तर घट ६ सेंटिमीटरवर येते. चार भाग केले की तोटा सोळावा हिस्सा. म्हणून तळातल्या टाक्यांचे इतके कप्पे करतात, आणि टाक्या एकेक करून वापरतात: एक पूर्ण रिकामी होईपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. खराब हवामानात तलाव रिकामे करतात त्याचं मुख्य कारण मात्र पाणी उसळून माणसं पडू नयेत हे आहे.

सगळे एका बाजूला गेले तर? जहाज पूर्ण भरलं की ७,६०० प्रवासी. माणशी ७५ किलो, एकूण ५७० टन. हे सगळे २० मीटर सरकले, तर ३ मीटर जीएमला जहाज साधारण २ अंश कलेल. गर्दीमुळे १० अंशांपेक्षा जास्त कल येता कामा नये, असा नियमच आहे.

मेधा_एडिसन

बाबांनी वहीत गणित करून पाहिलं, २३.८ आलं म्हणाले. फार खूश आहेत. दोन उपप्रश्न आहेत. आडवा डोल कमी करणारे पंख असतात ते नेमकं काय करतात? आणि टायटॅनिकनंतरचे जीवनौकांचे नियम इथे कसे लागतात?

कीलरेषा

स्टॅबिलायझरचे पंख पाण्याखाली दोन्ही बाजूंना बाहेर येतात, विमानाच्या पंखांसारखे. जहाज उजवीकडे कलू लागलं की उजवा पंख वर उचल देतो, डावा खाली दाबतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २० नॉटला जेवढा मिळतो त्याच्या चौथा हिस्साच १० नॉटला मिळतो, उभ्या जहाजावर तर जवळजवळ शून्य. म्हणून नांगरलेलं किंवा मंद गतीने बंदरात शिरणारं जहाज कधी कधी भर समुद्रापेक्षा जास्त डोलतं. दुसरं, हे पंख फक्त आडव्या डोलावर चालतात. नाळ वर-खाली होते त्यावर त्यांचा उपयोग नाही. त्यावर जहाजाची लांबी हाच उपाय.

जीवनौकांबद्दल: प्रवासी जहाजावर नौका आणि फुगणारे तराफे मिळून माणसांच्या १२५ टक्के जागा असावी लागते. जहाज सोडण्याचा हुकूम झाल्यापासून ३० मिनिटांत सगळी साधनं माणसांसह पाण्यात उतरली पाहिजेत. आंतरराष्ट्रीय संहितेत एका नौकेला १५० माणसांची मर्यादा होती. २००९च्या ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’साठी पर्यायी आराखड्याची परवानगी घेऊन ३७० माणसांच्या नौका बनवल्या, नाहीतर बाजूला टांगायला जागाच उरली नसती. १ जुलै २०१०पासून कील (तळाचा कणा) घातलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना आणखी एक अट आहे: ठरावीक मर्यादेपर्यंतची आग किंवा एका कप्प्यात पाणी शिरणं, एवढ्यावर जहाज स्वतःच्या बळावर बंदरात परतलं पाहिजे. त्यासाठी यंत्रणा दुहेरी आणि वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. सर्वांत चांगली जीवनौका म्हणजे जहाज स्वतः, हा विचार त्यामागे आहे.

२०१२च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर सुरक्षा-सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणं सक्तीचं झालं. आई-बाबांना आपलं मस्टर स्टेशन (आणीबाणीत जमायची जागा) प्रत्यक्ष चालत जाऊन बघायला सांगा, लिफ्टने नव्हे, जिन्याने. आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते.

दर्यावर्दी_रत्नागिरी

मार्गाचं मी सांगतो. ब्रोशरमध्ये मार्ग बेटांच्या सौंदर्यावरून ठरवल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात आधी येतात तास, मग धक्क्याची लांबी, पाण्याची खोली, पुलांची उंची आणि कायदा. सौंदर्य त्यानंतर.

तासांपासून सुरुवात करू. मायामी ते सेंट थॉमस साधारण १,००० सागरी मैल. जहाज शनिवारी दुपारी ४च्या सुमारास सुटतं. २२ नॉटने धावलं तर ४५-४६ तासांत, म्हणजे सोमवारी दुपारी पोहोचेल. दुपारी दीड-दोनला धक्क्याला लागून काय उपयोग? सहली सकाळी सुटतात, दुकानं संध्याकाळी मिटतात. तेच मंगळवारी सकाळी ८ला पोहोचायचं ठरवलं तर हातात ६४ तास येतात आणि १६ नॉट पुरतात. प्रोपेलरला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १६ऐवजी २२ म्हणजे शक्ती अडीच पटींहून जास्त आणि तेवढ्याच अंतराला इंधन जवळजवळ दुप्पट. म्हणून दोन दिवस समुद्र. त्या दिवसांत जहाजावरच खर्च होतो, कसिनोही किनाऱ्यापासून दूर गेल्यावरच उघडतो, हा हिशेब आहेच, पण मूळ कारण तास आणि इंधन.

सेंट थॉमस ते सेंट मार्टिन सव्वाशे मैलांच्या आत, एका रात्रीचं काम. म्हणून ही बंदरं जोडीने येतात. परतीला पुन्हा लांब पल्ला, आणि शेवटी बहामाजमधलं कोकोके, जे मायामीपासून १२० मैलांवर आहे. पश्चिमेला मेक्सिकोचं कोझुमेल क्युबाच्या टोकाला वळसा घालून सव्वापाचशे मैलांच्या आसपास, त्यामुळे एकच समुद्रदिवस पुरतो. पश्चिमेला जाताना जहाज फ्लोरिडाच्या प्रवाळरांगेच्या बाजूने सरकत जातं, कारण मध्ये गल्फ स्ट्रीमचा तीन-चार नॉटचा उलटा प्रवाह असतो. येताना तोच प्रवाह पाठीशी घेतात.

कायदा: अमेरिकेचा १८८६चा प्रवासी वाहतूक कायदा परदेशी झेंड्याच्या जहाजाला फक्त अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी फिरवू देत नाही, मध्ये परदेशी बंदर लागतं. आयकॉनवर बहामाजचा झेंडा आहे. कोकोके बहामाजमध्ये असल्यामुळे त्या एका थांब्याने अट पुरी होते. सिअ‍ॅटलहून अलास्काला जाणारी जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळचे काही तास का थांबतात, याचंही उत्तर हेच.

धक्का आणि खोली: ग्रँड केमनला क्रूझचा धक्का नाही, जहाजं नांगरून लहान बोटींनी माणसं उतरवतात. बेलीझ सिटीला पाणी इतकं उथळ की काही मैल बाहेर थांबावं लागतं. दोन हजार प्रवाशांना हे जमतं. सहा-सात हजारांना बोटींनी नेऊन परत आणायचं म्हटलं तर अर्धा दिवस रांगेतच जाईल. म्हणून आयकॉनसारखं जहाज लांब, खोल धक्का असलेल्या मोजक्या बंदरांनाच जातं. कंपन्या स्वतः धक्के बांधतात तेही याचसाठी. कोकोकेचा धक्का २०१९मध्ये झाला. त्याआधी तिथे बोटींनीच उतरावं लागे आणि जरा लाट असली की थांबा रद्द.

पूल: फ्लोरिडातल्या टँपाला जाताना सनशाइन स्कायवे पुलाखाली सुमारे ५५ मीटर उंची मिळते, त्यामुळे मोठी जहाजं तिथे शिरूच शकत नाहीत. पनामा कालव्याची नवी दारं ५५ मीटर रुंद आहेत, पण पॅसिफिक टोकाचा ब्रिज ऑफ द अमेरिकाज भरतीला ६१ मीटरच्या आसपास. इतक्या उंच जहाजाची वाट तिथे बंद. सर्वांत अवघड जन्मस्थानच आहे. तुर्कू बाल्टिकच्या आत, आणि इतक्या खोल जहाजाला बाहेर पडायला डेन्मार्कमधल्या ग्रेट बेल्ट पुलाखालूनच वाट, उंची ६५ मीटर. २००९मध्ये ओअ‍ॅसिस धुराडी खाली करून तिथून गेलं तेव्हा वर जेमतेम अर्धा-पाऊण मीटर उरला होता. मुद्दाम वेगात नेलं, कारण उथळ पाण्यात वेग वाढला की जहाज आणखी थोडं खाली बसतं. तुमच्या दारातलंच उदाहरण हवं असेल तर क्वीन मेरी २चं धुराडं न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलाखालून जाता यावं म्हणून आखूड ठेवलं आहे.

बंदर रद्द होण्याचं: होतं, आणि बहुतेक वेळा वाऱ्यामुळे. जहाजाची बाजू म्हणजे सुमारे १५ हजार चौरस मीटरचं शीड. २० नॉट वारा आडवा लागला तर जवळपास १०० टनांचा रेटा बसतो. ३० नॉटला सव्वादोन पट, २२० टनांच्या आसपास. भर समुद्रात त्याचं काही वाटत नाही, पण धक्क्याला लागताना पुढे जागा नसते. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेकडून थंड वाऱ्यांच्या लाटा येतात. मेक्सिकोतलं कोस्टा माया आणि कोकोके इथले धक्के उघड्यावर आहेत, तिथे याचा फटका बसतो. कोझुमेलचं बंदरही अशा उत्तरेच्या वाऱ्यात बंद ठेवतात. शार्लट अमाली (सेंट थॉमसचं बंदर) आणि फिलिप्सबर्ग (सेंट मार्टिनचं) ही दोन्ही दक्षिणेला तोंड केलेल्या उपसागरांत आहेत, डोंगर उत्तरेचा वारा अडवतात.

म्हणून माझं मत असं: हिवाळ्यात पूर्वेची बंदरं जास्त भरवशाची, पण वाटेत अटलांटिकचा फुगवटा दोन दिवस लागू शकतो. पश्चिमेचा समुद्र सहसा सौम्य, पण बंदर हुकण्याची शक्यता अधिक. आईंना गाडी लागते, तर पश्चिम निवडा आणि एखादं बंदर हुकेल हे धरून चाला. बंदर हुकलं तर बंदर-शुल्क खात्यात परत जमा होतं आणि जहाजामार्फत घेतलेल्या सहलीचे पैसेही. बाहेरून परस्पर घेतलेल्या सहलीचे मिळतीलच असं नाही, आधी अटी वाचा.

घड्याळाची एक गोष्ट. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो. हिवाळ्यात सेंट थॉमस मायामीच्या एक तास पुढे असतं, होंडुरासचं रोआटान एक तास मागे, कोझुमेल बरोबरीने. रोआटानला जहाजावर मायामीची वेळ चालू असेल आणि तुम्ही फोन बघत बसलात, तर एक तास उशिरा धक्क्यावर पोहोचाल. उतरताना दाराशी ‘परत येण्याची वेळ’ लिहिलेली असते ती जहाजाच्या वेळेत. एक हातातलं घड्याळ त्या वेळेला लावून ठेवा.

आणि भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा, कारण जहाज परत मायामीला येतं तेव्हा तो पुन्हा प्रवेश धरतात. मेक्सिकोला वैध अमेरिकी व्हिसावर वेगळा व्हिसा लागत नाही. बाकी प्रत्येक बंदराचा नियम बुकिंगआधी स्वतंत्र बघा. एका बंदराचा कागद कमी पडला तरी मायामीलाच अडवतात, ‘आम्ही तिथे उतरणार नाही’ म्हणून चालत नाही.

इंजिनरूम

केबिनचं मी सांगतो, कारण आवाज आणि थरथर कुठून येते ते खालून जास्त कळतं.

या जहाजावर इंजिनाला जोडलेला लांब दांडा नाही आणि सुकाणूही नाही. सहा इंजिनं वीज तयार करतात. ती द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात, जो उणे १६२ अंशांना टाकीत ठेवतात, आणि गरजेला डिझेलवरही चालतात. ही वीज मागच्या तीन अ‍ॅझिपॉडना जाते. अ‍ॅझिपॉड म्हणजे जहाजाखाली टांगलेली, चौफेर फिरणारी मोटर, पुढच्या तोंडाला प्रोपेलर. प्रत्येकी २० मेगावॅट. नाळेत आडवे ढकलणारे बो-थ्रस्टर आहेत. भर समुद्रात सगळं शांत. पण पहाटे धक्क्याला लागताना थ्रस्टर सुरू झाले की अगदी पुढच्या, खालच्या मजल्यांवरच्या केबिनी गुरगुरायला लागतात. अगदी मागे अ‍ॅझिपॉडची बारीक थरथर.

आईंसाठी लांबीच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर. नाळ वर-खाली होते तेव्हा मधला भाग सी-सॉच्या मध्यासारखा जवळजवळ स्थिर राहतो, आणि आडव्या डोलात जितकं वर तितका झोका मोठा. बाल्कनी समुद्राकडची घ्या. आतल्या बागेकडे उघडणारी केबिन स्वस्त पडते, पण गाडी लागणाऱ्या माणसाला क्षितिज दिसणं फार उपयोगी असतं. नकाशात डोक्यावर आणि पायाखाली काय आहे ते बघून घ्या. दोन्हीकडे केबिनीच असतील तर उत्तम. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली नाट्यगृह असेल तर रात्री ढोलाचा.

केबिनी तुर्कूजवळ पिइक्किओच्या कारखान्यात न्हाणीघरासकट तयार करून आणतात आणि खणात सरकवतात. भिंती पोलादी असतात, म्हणून चुंबकाचे हुक खूप कामाला येतात. न्हाणीघरातला संडास निर्वातावर चालतो, एका वेळेला साधारण लिटरभर पाणी. ओले वाइप्स, कापूस, केस असं काही टाकलं की नळी तुंबते, आणि एका नळीवर अनेक केबिनी असल्यामुळे शेजाऱ्यांचंही बंद पडतं. झाकण लावूनच बटण दाबा.

चहाची किटली, इस्त्री, इंडक्शन नेऊ नका, चढतानाच काढून घेतात. एक्स्टेन्शनही नाही, सर्ज-प्रोटेक्टर असलेली तर मुळीच नाही. यामागे पक्कं कारण आहे. घरात न्यूट्रल जमिनीला जोडलेली असते. जहाजावर सहसा तशी नसते, दोन्ही तारांत विद्युतदाब असतो. सर्ज-प्रोटेक्टरमधला तुकडा घरच्या पद्धतीसाठी बनवलेला, तो इथे तापून पेट घेऊ शकतो. साधा, प्रोटेक्टर नसलेला यूएसबी चार्जर चालतो.

बाल्कनीचं दार उघडं टाकून बसू नका. एसी बंद होतो, दमट हवा आत येऊन छताला पाणी सुटतं आणि वारा बोळात शिट्ट्या मारतो. आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. जहाजावरच्या उलट्या-जुलाबांमागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस असतो आणि त्याच्यावर अल्कोहोलचं जेल फारसं चालत नाही.

सुनंदा_ठाणे

छान चर्चा. मुंबईहून जी क्रूझ सुटते तिला हेच गणित लागू होतं का? आणि पावसाळ्यात ती मुंबईत का दिसत नाही? कोकणात मालवणला का थांबत नाही?

दर्यावर्दी_रत्नागिरी

गणित तेच, आकडे लहान. कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९०चं, ४८,५६३ ग्रॉस टनेजचं, लांबी २११ मीटरच्या आत, ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) ७ मीटरच्या आसपास. मुंबई ते मुरगाव सव्वादोनशे सागरी मैल. १५ नॉटने १५ तास, म्हणजे संध्याकाळी सुटून सकाळी गोवा. लक्षद्वीपमधलं अगत्ती पाचशे मैलांच्या आत-बाहेर, त्याला मधला एक समुद्रदिवस घालावाच लागतो. तिथे मोठ्या जहाजाला धक्का नाही, बोटींनी उतरावं लागतं.

पावसाळ्यात नैऋत्येचा फुगवटा थेट पश्चिम किनाऱ्यावर येतो. जहाज चालू शकतं, पण बोटीत माणसं उतरवणं अशक्य, आणि जुन्या, लहान जहाजाला डोलही जास्त. म्हणून त्या महिन्यांत चेन्नईहून श्रीलंकेकडच्या फेऱ्या केल्या गेल्या. तो किनारा तेव्हा आडोशाला असतो. मालवणला किनारा उथळ आणि खडकाळ, ७ मीटर पाण्यात जाणारं जहाज बरंच बाहेर नांगरावं लागेल आणि माणसं बोटींनीच आणावी लागतील.

मेधा_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. पश्चिम मार्ग, मधली केबिन, समुद्राकडची बाल्कनी असं ठरवलं. नकाशात दोन पर्याय दिसताहेत: एक आठव्या मजल्यावर, वर-खाली केबिनी. दुसरी चौदाव्यावर, वर तलावाचा डेक, थोडी स्वस्त.

इंजिनरूम

आठव्यावरची घ्या. गाडी लागण्याच्या गोळ्या जहाज डोलायला लागल्यावर नव्हे, सुटण्याच्या तासभर आधी घ्यायच्या असतात. आईंचं वय बघता कुठली चालेल ते पुण्यातल्या डॉक्टरांना विचारून तिथूनच सोबत आणायला सांगा.